फिल्टर कोण बदलणार?

नमस्कार श्रोतेहो. आज बारावी झालेल्या, बी.एस्सी. करणाऱ्या आणि डिप्लोमा घेऊन नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींशी बोलायचं आहे, जैवसुरक्षेतल्या, म्हणजे घातक जंतू निसटू-पसरू न देण्याच्या कामातल्या, नोकऱ्यांबद्दल.

एप्रिल 1979. सोव्हिएत रशियातलं स्वेर्दलोव्स्क शहर. तिथल्या लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचे जंतू हवेत निसटले आणि किमान 66 माणसं दगावली. त्यातली बहुतेक त्या दिवशी वारा जिकडे वाहत होता, त्या अरुंद पट्ट्यातली. सरकारने खापर फोडलं दूषित मांसावर. जैविक अस्त्रांच्या कामातल्याच एका शास्त्रज्ञाने पुढे कारण सांगितलं, ते असं: हवा बाहेर सोडणाऱ्या मार्गावरचा फिल्टर काढला होता, तो परत बसवलाच नाही.

जैवसुरक्षा म्हटलं की आपल्याला डॉक्टर आठवतात. पण आपल्या पुण्याचंच बघा. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत, बीएसएल-4, म्हणजे सर्वात कडक जैवसुरक्षा पातळीची, प्रयोगशाळा आहे. निपाहसारखे विषाणू तिथे हाताळतात. आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे हवा आतच ओढली जाते. बाहेर पडणारी हवा अगदी बारीक कणही अडवणाऱ्या हेपा फिल्टरमधून जाते, सांडपाणी निर्जंतुक करूनच सोडतात. तो दाब ढळू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसायचं काम मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांचं. एसीचं काम मन लावून शिकलेल्या मुलालाही इथे वाव आहे, आणि हे त्याला कुणी सांगतच नाही!

कॉम्प्युटरवाल्यांनाही काम आहे. डीएनए आता ऑर्डर देऊन बनवून मिळतं. मागवलेला क्रम एखाद्या घातक जंतूचा तर नाही, हे ताडणारं सॉफ्टवेअर लागतं, ते लिहिणारी माणसं लागतात. मुंबईत 2001 पासून सांडपाण्यात पोलिओचा विषाणू शोधतात. तिथे नमुने गोळा करणाऱ्यापासून आकडे मांडणाऱ्यापर्यंत सगळे हवेत.

एक मात्र आधीच सांगते. कायम जागा थोड्या असतात. सुरुवात बहुधा प्रकल्पावर, कंत्राटी. म्हणून एक विद्या आधी पक्की करा, सूक्ष्मजीवशास्त्र असो, संख्याशास्त्र असो की इन्स्ट्रुमेंटेशन. संशोधनाकडे जायचं असेल तर एम.एस्सी.नंतर नेट किंवा गेट द्या.

आणि आयसीएमआरच्या, म्हणजे एनआयव्ही जिच्या अखत्यारीत येते त्या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, भरतीच्या जाहिराती चाळताना पदाच्या नावावर जाऊ नका. ‘प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट’ असलं काहीतरी लिहिलेलं असेल. कामाचं स्वरूप काय दिलंय, ते नीट वाचा. नमस्कार.