बॉयलर नंतर, आधी द्रव बघा

(पडद्यावर: बाकाखालून गेलेला ॲल्युमिनियमचा पाइप. आतून गुळगुळ आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो.)

मोटरहोममध्ये, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीत, हा आवाज आला की बरेच जण थेट बॉयलरचं झाकण उघडतात. बॉयलर बहुतेक वेळा ठणठणीत असतो. पाइपात हवा अडकलेली असते, बस्स.

गाडी उबदार ठेवणारी गरम द्रवाची ही यंत्रणा तशी सरळ आहे. गॅस, डिझेल किंवा विजेवरचा बॉयलर पाणी आणि ग्लायकॉल (गोठू न देणारा द्रव) यांचं मिश्रण तापवतो आणि एक छोटा पंप ते गाडीभर फिरवतो. युरोपात स्वीडनच्या आल्डे कंपनीची यंत्रणा जास्त दिसते, अमेरिकेतल्या मोठ्या गाड्यांत ॲक्वा-हॉट, आणि छोट्या व्हॅनमध्ये वेबास्टो किंवा एबरस्पेखरचे डिझेल हीटर. काहींत उष्णता खोलीत सोडायला पंखे असतात. आल्डेसारख्या यंत्रणेत मात्र भिंतीलगत पत्र्याचे पंख असलेले कन्व्हेक्टर असतात. गार हवा खालून शिरते, तापते आणि सोफ्याच्या पाठीमागच्या फटीतून आपसूक वर चढते. त्या फटीत उशा-पांघरुणं कोंबली, की बॉयलर कितीही भारी असो, आत गारठा तो गारठाच. तेव्हा पाना हातात घेण्याआधी ती फट मोकळी करा.

आता ती गुळगुळ.

(पडद्यावर: गाडी उतारावर, तोंड खाली. ब्लीड स्क्रूवर पाना, खाली धरलेलं फडकं.)

हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. सपाट जमिनीवर उभ्या गाडीत अशी जागा नेमकी नसते, म्हणून ती आपण तयार करायची. बॉयलर आणि पंप बंद करून द्रव निवू द्यायचा. गाडी उतारावर अशी लावायची, की तिचं एक टोक स्पष्ट वर राहील. काही मिनिटं थांबायचं, कारण बुडबुडे सावकाश सरकतात. मग वरच्या टोकाचा ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, जरासाच सैल करायचा. आधी फुसफुस, मग फेस, मग एकसंध धार. धार दिसली रे दिसली, की स्क्रू बंद. नंतर गाडी उलटी लावून दुसऱ्या टोकाला हेच. शेवटी पंप सुरू करून एकेका कन्व्हेक्टरला हात लावून बघायचा. एक गरम आणि त्याच्या पुढचा थंड लागला, तर हवा त्या दोघांच्या मधे कुठेतरी आहे.

हवा काढली की एक्सपान्शन टाकीतली, म्हणजे तापून फुगलेला द्रव सामावणाऱ्या टाकीतली, पातळी खाली जाते. आल्डेच्या टाकीत द्रव थंड असताना तो किमान खुणेच्या साधारण १ सेंटीमीटर वर हवा. पातळी दर काही दिवसांनी घसरत असेल, तर नुसतं भरत राहू नका, गळती शोधा. रबरी होज आणि पाइप जिथे जुळतात, त्या क्लिपांपाशी रंगीत, चिकट डाग दिसतो किंवा गोडसर वास येतो. गाडी हादरे खात चालते. क्लिपा सैल होणारच.

या यंत्रणेचं आयुष्य ठरतं ते मात्र द्रवावरच. ग्लायकॉल फक्त गोठू नये म्हणून घालतात, असा समज आहे. पण त्यातली गंजरोधक रसायनं तितकीच महत्त्वाची, आणि ती हळूहळू संपतात. संपली की द्रव ॲल्युमिनियम आतून कुरतडू लागतो, गाळ साचतो आणि पंप अडतो. म्हणून साधा द्रव दर २ वर्षांनी आणि लाँग-लाइफ द्रव साधारण ५ वर्षांनी बदलतात. नळाचं पाणी यात घालू नका. त्यातले क्षार आणि क्लोराइड नेमकं नको तेच काम करतात. डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड, म्हणजे क्षार काढलेलं पाणीच वापरा.

जास्त ग्लायकॉल म्हणजे जास्त संरक्षण, असंही नाही. ग्लायकॉलचे दोन प्रकार असतात, एथिलीन आणि प्रोपिलीन. शुद्ध एथिलीन ग्लायकॉल सुमारे उणे १३ अंशांना गोठतं. तेच पाण्यात निम्मं-निम्मं मिसळलं, तर मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत टिकतं. शिवाय घट्ट मिश्रण उष्णता कमी वाहून नेतं. प्रमाण निम्म्यावर ठेवा, त्यापलीकडे जाऊ नका.

(पडद्यावर: रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब. झाकण मिटतं.)

मिश्रण किती थंडीत टिकेल ते रिफ्रॅक्टोमीटर या छोट्या उपकरणाने तपासायला एक थेंब पुरतो. काचेवर थेंब टाका, झाकण मिटा, उजेडाकडे धरून बघा. निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतात, तिथला आकडा वाचा. एथिलीन आणि प्रोपिलीनच्या पट्ट्या वेगळ्या असतात, तेवढं भान ठेवा. आणि हे उपकरण फक्त गोठणबिंदू सांगतं. गंजरोधक शिल्लक आहे का, ते त्याला कळत नाही. ‘उणे ३५ दाखवतंय, मग कशाला बदलायचं?’ हा युक्तिवाद इथेच फसतो. रंगावर तर मुळीच विसंबू नका. निळा, हिरवा, गुलाबी हे ज्या त्या कंपनीने ठरवलेले रंग आहेत. वेगळ्या जातीचे द्रव मिसळले, तर कधीकधी आत जेलीसारखा लगदा होतो. काय भरलंय ते ठाऊक नसेल, तर सगळं काढून, धुऊन नव्याने भरा.

काढलेलं एथिलीन ग्लायकॉल उघड्यावर ओतू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. ते डब्यात भरून टाकाऊ रसायनं घेणाऱ्या केंद्रात द्यायचं.

बर्नरचं थोडक्यात. डिझेल हीटर सतत मंद किंवा पाच-पाच मिनिटं चालवला की काजळी धरतो. म्हणून उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा थोडा वेळ पूर्ण तापू द्यावा. बंद करताना मुख्य बॅटरी स्विच लगेच तोडायचा नाही. बर्नर निवेपर्यंत पंखा चालू राहायला हवा. गॅसवाल्यांनी थंडीत प्रोपेन वापरावा. ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो. धुराड्याचे जोड दरवर्षी तपासा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, ते बटण दाबून बघा.

(पडद्यावर: बॉयलरशेजारची छोटी पिवळी तोटी.)

ग्लायकॉल भरलंय म्हणून निर्धास्त झालेले लोक हिवाळ्यात गाडी उभी करून जातात आणि त्याच बॉयलरमधलं दुसरं पाणी विसरतात. आल्डेच्या बॉयलरमध्ये अंघोळीचं साधारण ८ लिटर पाणी वेगळ्या टाकीत असतं, आणि त्यात ग्लायकॉलचा थेंबही नसतो. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. ती टाकी फुटली, तर दुरुस्ती नाही, अख्खा बॉयलर बदलावा लागतो. त्यामुळे आधी पाण्याचा पंप बंद करायचा, सगळे नळ गरम बाजूला उघडायचे, मग टाकीतलं पाणी सोडायची ही पिवळी तोटी उघडायची आणि गाडी पुन्हा वापरात येईपर्यंत ती उघडीच ठेवायची.