खुर्चीतली श्रद्धा

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेच्या केंटकी राज्यात रोवन नावाची एक काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, आहे. मोअरहेड हे तिचं मुख्य गाव. १ सप्टेंबर २०१५ ला तिथल्या काउंटी क्लार्कच्या कचेरीत दोन पुरुष लग्नाचा परवाना मागायला उभे होते. काउंटरपलीकडे क्लार्क किम डेव्हिस. क्लार्क म्हणजे इथे साधा कारकून नाही, परवाने देणाऱ्या कचेरीचा निवडून आलेला प्रमुख. त्यांनी परवाना नाकारला. ‘कोणाच्या अधिकारानं?’ असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘देवाच्या अधिकारानं.’

समोर कॅमेरे होते, त्यामुळे ते उत्तर जगभर पोचलं. मी ते कितीतरी वेळा ऐकलंय. दर वेळी माझी नजर त्या काउंटरवरच अडते. रोवन काउंटीच्या लोकांनी कर भरून उभं केलेलं ते काउंटर. अलीकडे उभ्या असलेल्या त्या दोघांचाही त्यात वाटा होता.

आधी काय घडलं, ते थोडक्यात सांगते. २६ जून २०१५ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क आहे. त्यानंतर लगेच डेव्हिस यांनी सगळ्यांचेच परवाने थांबवले. स्त्री-पुरुषांचेही. कोणालाच दिले नाहीत म्हणजे भेदभाव झाला नाही, असा त्यांचा हिशेब. चार जोडपी न्यायालयात गेली, त्यातली दोन स्त्री-पुरुषांची होती. ‘शेजारच्या काउंटीत जा की’ असं त्यांना सांगितलं जात होतं. न्यायाधीश डेव्हिड बनिंग यांनी ते मान्य केलं नाही. ही माणसं इथे राहतात, इथे कर भरतात, इथेच मत देतात, मग परवान्यासाठी दुसरीकडे का जावं? शिवाय त्या ग्रामीण भागात प्रत्येकाला तेवढा प्रवास जमेलच असं नाही, हेही त्यांनी नोंदवलं. १२ ऑगस्टला आदेश झाला, की परवाने द्या. अपील न्यायालयानं स्थगिती दिली नाही, ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानंही दिली नाही. आणि दुसऱ्या दिवशी ते ‘देवाच्या अधिकारानं’.

डेव्हिस यांची श्रद्धा खोटी होती, असं मी म्हणणार नाही. ती खरीच असावी. त्यांच्या आईनं त्याच कचेरीत ३७ वर्षं क्लार्कचं काम केलं, त्या स्वतः आईच्या हाताखाली वर्षानुवर्षं राबल्या, मग निवडून आल्या. त्या खुर्चीशी त्यांचं नातं जुनं होतं. पण मनातल्या श्रद्धेचं ओझं कोणी वाहायचं, हा प्रश्न उरतोच. त्यांनी ते ओझं काउंटरच्या अलीकडे सरकवलं. परवाना अडला दुसऱ्यांचा, लग्न लांबलं दुसऱ्यांचं. त्यांचा वर्षाचा सुमारे ८०,००० डॉलरचा पगार मात्र चालू होता.

३ सप्टेंबरला बनिंग यांनी त्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल तुरुंगात पाठवलं. जोडप्यांच्या वकिलांनी दंड मागितला होता, तुरुंग मागितला नव्हता. पण दंड समर्थकच भरून टाकतील आणि आदेश तसाच लटकेल, हे न्यायाधीशांना दिसत होतं. आपण स्वतःही धार्मिक आहोत, असं सांगून ते म्हणाले, की शपथेला अर्थ असतो.

बाहेर डेव्हिस यांच्या समर्थकांची गर्दी जमली. काहींनी त्यांची तुलना थेट मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी केली. इथे जरा थांबायला हवं. किंग यांनीही न्यायालयाचा मनाई हुकूम मोडला होता, १९६३ च्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅम शहरात मोर्चा काढून. तेही धर्मोपदेशक, त्यांच्याही मागे श्रद्धाच होती. सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये त्यांची शिक्षा कायम केली. पाच दिवसांची कैद. डेव्हिसही पाच दिवसांनीच बाहेर आल्या. दिवस सारखे आहेत, पण किंग यांच्या खिशात सरकारी शिक्का नव्हता. त्यांनी हुकूम मोडला आणि भोग स्वतःच्या वाट्याला घेतला. त्यांच्या नकारामुळे कोणाच्या हक्काचा कागद टेबलावर अडून राहिला नव्हता. नागरिकानं ‘नाही’ म्हणणं आणि खुर्चीनं ‘नाही’ म्हणणं यांत एवढं अंतर आहे, आणि त्यावरून हात फिरवून ते पुसून टाकणं मला पटत नाही.

श्रद्धा जपायची वाट बंद होती असंही नाही. त्याच उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यातल्या ग्रेनाडा काउंटीच्या क्लार्कनं राजीनामा दिला. २४ वर्षांची नोकरी होती. टेनेसीतल्या डेकेटर काउंटीत क्लार्क आणि तिच्या दोन सहकारी, तिघीही एकदम उठून गेल्या. त्यांचं मत मला मान्य नाही, पण त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. हातचा पगार सोडणं सोपं नसतं. त्यांनी आपल्या श्रद्धेची किंमत आपल्याच घरातून दिली.

रोवनमध्ये ती किंमत कोणी दिली? पहिल्या खटल्यातल्या जोडप्यांच्या वकिलांचं शुल्क २ लाख २२ हजार डॉलरच्या वर गेलं, आणि २०१७ मध्ये ते केंटकी राज्यानं भरावं असा आदेश झाला. राज्यानं म्हणजे करदात्यांनी. यात परवाना न मिळालेली जोडपीही आली. ही गोष्ट मला अजून टोचते. हट्ट एकाचा आणि बिल सगळ्या गावाच्या नावावर.

म्हणून दुसरा खटला मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तो एका जोडप्यानं डेव्हिस यांच्यावर व्यक्ती म्हणून लावला. अमेरिकेत अधिकाऱ्यांना अशा वैयक्तिक दाव्यांपासून बरंच संरक्षण असतं, पण समोरच्याचा हक्क आधीच स्पष्ट ठरलेला असेल तर ते मिळत नाही. इथे तर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल समोर होता. २०२३ मध्ये ज्यूरीनं त्या दोघांना प्रत्येकी ५०,००० डॉलर नुकसानभरपाई दिली. वर वकिलांचं शुल्क आणि खर्च धरून २ लाख ६० हजार डॉलर. डेव्हिस पुन्हा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयानं त्यांचं प्रकरण ऐकायला नकार दिला. दहा वर्षांनी का होईना, हिशेब ज्या सहीनं नाकारलं त्या सहीपाशी आला.

आता त्या ३ सप्टेंबरच्या दिवसाकडे परत येते, कारण त्यातली एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. डेव्हिस यांना नेल्यानंतर न्यायाधीशांनी कचेरीतल्या सहा उपक्लार्कांना एकेक करून विचारलं, की तुम्ही परवाने द्याल का? तुरुंगाची शक्यता त्यांच्याही डोक्यावर होती. त्यांतला एक डेव्हिस यांचा मुलगा, तो नाही म्हणाला. बाकीचे पाच हो म्हणाले. सगळे खुशीनं नाही. एक बाई म्हणाल्या, की मी धर्मोपदेशकाची मुलगी आहे आणि आयुष्यात यापेक्षा कठीण काही मी केलेलं नाही. आमच्यापैकी कोणी कोणाचा द्वेष करत नाही, असंही त्या म्हणाल्या.

त्यांच्यासाठी कोणी घोषणा दिल्या नाहीत. त्यांच्या बाजूनं उभं राहायला राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार आले नाहीत, ते डेव्हिस यांच्यासाठी आले. ४ सप्टेंबरला सकाळी मोअरहेडची ती कचेरी उघडली. दारात घोषणा चालू होत्या, बाजूच्याही आणि विरोधातल्याही. त्यांतून वाट काढत दोन पुरुष आत शिरले, काउंटरपाशी उभे राहिले, आणि पलीकडून एका उपक्लार्कानं त्यांचा फॉर्म ओढून घेऊन भरायला घेतला.

नमस्कार.