दुखत नाही, मग डॉक्टरला कशाला दाखवायचं?

नमस्कार मंडळी. 'मॅडम, खाली एक पुळी आलीये. दुखत नाही, खाजत नाही, पूसुद्धा नाही. तरी दाखवायलाच हवं का?' हा प्रश्न मला सतत येतो, आणि विचारणाऱ्याला उत्तर 'नको' असंच हवं असतं. पण गुप्तांगाच्या बाबतीत दुखण्यावरून काही ठरवता येत नाही. जे रात्रभर ठणकतं ते बऱ्याचदा साधं केसतूड निघतं. आणि ज्याच्यासाठी कामधंदा सोडून यायला हवं, ते अजिबात दुखत नाही.

आधी बिनकामाची काळजी उरकून टाकते. शिश्नाच्या बोंडाच्या कडेने गोल, ओळीत, अगदी बारीक पांढरट दाणे आहेत, सगळे एकसारखे आणि वर्षानुवर्षं तसेच? तो रोग नाही, त्वचेची ठेवणच तशी असते. बायकांमध्येही योनीमुखाशी असे मऊ गुलाबी दाणे असू शकतात. कातडीखाली दिसणारे पिवळसर ठिपके म्हणजे तेलाच्या ग्रंथी, त्या ओठांवरही असतात. ब्लेड फिरवल्यावर दोन-तीन दिवसांत केसाच्या मुळाशी फोड आला, तर केस काढणं थांबवा, कोमट पाण्याचा शेक द्या, नखाने फोडू नका. आठवडाभरात बसतो. दोन आठवड्यांनीही तिथेच असेल तर दाखवा.

आता जिथे मला थांबायचंय तिथे येते. सिफिलिस. जुनी माणसं त्याला गरमी म्हणायची. संबंध आल्यावर साधारण ३ आठवड्यांनी, कधी १० दिवसांत तर कधी ९० दिवसांनीही, बहुतेक वेळा एकच पुळी येते आणि तिची गोल, स्वच्छ जखम होते. बोटाला शर्टाच्या बटणासारखी टणक लागते. दुखत नाही. जांघेत अवधाण येतं, तेही फारसं दुखत नाही. बायकांमध्ये ती आतल्या बाजूला असली तर दिसतसुद्धा नाही.

आणि मग ३ ते ६ आठवड्यांत ती जखम आपोआप भरून येते! काहीही औषध न घेता. मधल्या काळात कुणी एखादा मलम लावला असेल तर श्रेय त्या मलमाला जातं आणि तो मित्रांनाही सुचवला जातो. जंतू मात्र तोवर रक्तात गेलेला असतो. पुढे काही आठवड्यांनी तळहातांवर, तळपायांवर न खाजणारे तांबूस चट्टे येतात, लोकांना वाटतं उष्णता झाली. उपचार झालाच नाही तर काही जणांत वर्षांनंतर हृदय, मेंदू, डोळे धरतो. बाई गरोदर असेल तर पोटातल्या बाळाला होतो, म्हणून गरोदरपणात असं काही दिसलं तर त्याच दिवशी या.

एवढ्या चिवट आजाराला सुरुवातीच्या टप्प्यात सहसा बेन्झाथिन पेनिसिलिनचा एकच डोस पुरतो. कमरेत टोचतात, दुखतं, पण काम होतं. एक मेख आहे. जखम अगदी ताजी असताना व्हीडीआरएल ही रक्ततपासणी निगेटिव्ह येऊ शकते. परस्पर लॅबमध्ये जाऊन 'रिपोर्ट नॉर्मल आला' म्हणून घरी बसू नका. जखम डॉक्टरांच्या डोळ्यांना दिसली पाहिजे.

बाकीचं भराभर सांगते. आग होणारे, पाणी भरलेले बारीक फोड झुपक्याने आले तर नागीण जातीचा विषाणू, हर्पिस, असू शकतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत आलात तर औषधाचा खरा उपयोग. गुळगुळीत दाणा आणि मधोमध खळगा, तर मोलस्कम, तोही कातडीचा विषाणूच. रात्री जीव खाणारी खाज आणि घरात आणखी कुणी खाजवतंय, तर खरूज. अख्ख्या घराने एकाच वेळी औषध लावायचं, त्यात चारित्र्याचा प्रश्न येत नाही.

खरखरीत कोंब वाढत चालले असतील तर ते एचपीव्ही या विषाणूचे. हे बहुतेक वेळा ६ आणि ११ या प्रकारांमुळे होतात. कर्करोगाशी जोडलेले मुख्य प्रकार १६ आणि १८, ते वेगळे. लागण झाल्यावर कोंब दिसायला महिने जातात, त्यामुळे 'कुणाकडून आलं' यावरून घरात रणकंदन करून हाती काही लागत नाही. कृपा करून चुना लावू नका, घोड्याच्या शेपटीचा केस बांधू नका, पायाच्या कुरुपाचं औषध तिथे लावू नका. ती कातडी भाजते आणि कोंब तिथेच राहतो.

पन्नाशीनंतर पुरुषाची पुढची कातडी मागे सरेनाशी झाली, आत गाठ लागते, घाण वास किंवा रक्त येतं. किंवा बाईला बाहेरच्या भागावर जुनी खाज, पांढुरका चट्टा आणि त्यात न भरणारी जखम आहे, तर कर्करोग नाही ना, हे बघायला तुकडा काढून तपासावा लागतो. आजी हे कुणाला सांगत नाहीत. तुम्ही विचारा.

मेडिकलमधली 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब हा माझा राग आहे. त्यात बहुतेकदा स्टेरॉइड असतं. लाली जाते, खाज थांबते, रोग आत पसरतो, आणि माझ्यासमोर येतो तेव्हा ओळखू येत नाही.

दाखवायचं कुणाला? त्वचारोगतज्ज्ञाला; गुप्तरोग त्यांच्याच शिक्षणात येतात. बायका स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊ शकतात. रेल्वेच्या भिंतीवरच्या गॅरंटीवाल्यांकडे नको. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजात गुप्तरोगांसाठीचं 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथे तपासणी आणि औषधं मोफत. (स्क्रीनवर: १०९७) हा सरकारी एड्स हेल्पलाइनचा टोल-फ्री नंबर आहे, पत्ता विचारून घ्या.

आत आल्यावर पहिल्या वाक्यात सांगा. माझ्याकडे लोक केसगळतीचं म्हणून येतात, दहा मिनिटं केसांवर बोलतात, आणि दाराच्या कडीला हात लावून म्हणतात, 'जाता जाता एक विचारू का?' तोवर पुढचा पेशंट आत आलेला असतो. तपासताना आपल्या माणसाला किंवा सिस्टरला सोबत ठेवा म्हणालात तरी कुणाला राग येत नाही.

मधुमेह आहे, ताप आलाय, सूज तासातासाला पसरतेय, कातडी काळी पडतेय: तिथे माझीही वाट बघू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

बाकीच्यांनी दाखवेपर्यंत संबंध टाळा, डेटॉलने धुऊ नका, काही लावू नका. आधीच लावलं असेल तर ती ट्यूब घेऊन या. संपलेली असली तरी चालेल, मला फक्त मागचं नाव वाचायचंय.