योग्य लेखक, भलतंच पुस्तक

[दृश्य: रोवन ओक, ऑक्सफर्ड, मिसिसिपी. अभ्यासिकेच्या भिंतीवरून हळू सरकणारा कॅमेरा]

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात ऑक्सफर्ड नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एका जुन्या घरात ही खोली. टेबल, टाइपरायटर, आणि भिंतीवर हाताने लिहिलेला मजकूर. सोमवार, मंगळवार, बुधवार... प्रत्येक वाराखाली बारीक अक्षरातल्या नोंदी. काही काळ्या पेन्सिलीने, काही लाल. विल्यम फॉक्नरने आपल्या कादंबरीचा आराखडा थेट भिंतीवर उतरवून काढला होता. बायकोने एकदा भिंत रंगवून घेतली, तेव्हा त्याने सगळं पुन्हा लिहिलं आणि वरून शेलॅक, म्हणजे लाखेचं रोगण, फासलं, असं सांगतात.

ही कादंबरी म्हणजे ‘अ फेबल’. पहिल्या महायुद्धात लढायला नकार देणाऱ्या सैनिकांची गोष्ट. फॉक्नर तिच्याशी जवळजवळ दहा वर्षं झटत होता. 1955 साली तिला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं आणि त्याच वर्षी पुलित्झरही. अमेरिकेतले दोन सर्वांत मानाचे पुरस्कार, एकाच पुस्तकाला.

आता गंमत बघा. फॉक्नरचा मनापासून चाहता असलेल्या कुणालाही विचारा, त्याचं पहिलं कुठलं पुस्तक वाचू? ‘अ फेबल’चं नाव कुणी घेणार नाही.

[दृश्य: जुन्या आवृत्त्यांची मुखपृष्ठं]

लोक नाव घेतात ते ‘द साउंड अँड द फ्युरी’चं, 1929 सालचं. किंवा पुढच्याच वर्षी आलेल्या ‘अ‍ॅज आय ले डाइंग’चं. ही दुसरी कादंबरी त्याने विद्यापीठाच्या वीजघरात रात्रपाळी करताना लिहिली. त्याआधी तो विद्यापीठातल्या टपाल कचेरीत पोस्टमास्तर होता, आणि अत्यंत वाईट पोस्टमास्तर होता. लोकांची मासिकं आधी स्वतः वाचायची, मागच्या खोलीत पत्ते कुटायचे, गिऱ्हाईक खिडकीशी ताटकळत. तक्रारी झाल्या, 1924 मध्ये नोकरी गेली. मराठी साहित्याला पोटापाण्याच्या नोकरीत घुसमटलेले लेखक नवीन नाहीत, पण इतका निर्लज्जपणे कामचुकार माणूस विरळाच.

त्या उमेदीच्या वर्षांतल्या एकाही पुस्तकाला पुलित्झर नाही. चाळीसच्या दशकाच्या मध्यावर तर त्याची बहुतेक पुस्तकं बाजारात मिळतही नव्हती. 1946 मध्ये माल्कम काउली या समीक्षकाने त्याच्या लेखनातले वेचे काढून एक जाडजूड खंड संपादित केला, तेव्हा कुठे वाचक पुन्हा वळले. चार वर्षांनी नोबेल जाहीर झालं. तेही 1949 सालचं, राहून गेलेलं. फॉक्नर आधी स्टॉकहोमला जायलाच तयार नव्हता. शेवटी मुलगी जिलबरोबर गेला, आणि मायक्रोफोनपासून लांब उभा राहून इतक्या हळू आवाजात बोलला, की समोरच्यांना फारसं काही कळलं नाही. ते भाषण केवढं मोठं होतं, हे दुसऱ्या दिवशी छापून आल्यावर लोकांना समजलं.

नोबेल मिळाल्यावर मायदेशालाही जाग आली. 1951 मध्ये कथासंग्रहाला नॅशनल बुक अवॉर्ड, 1955 ची जोडी आपण पाहिलीच. जुलै 1962 मध्ये तो गेला, आणि 1963 मध्ये ‘द रीव्हर्स’ या शेवटच्या हलक्याफुलक्या कादंबरीला दुसरं पुलित्झर. कादंबरीसाठी दोनदा पुलित्झर मिळवणारे आजवर फक्त चौघे: बूथ टार्किंग्टन, फॉक्नर, जॉन अपडाइक आणि कोल्सन व्हाइटहेड. यातला टार्किंग्टन पहिला, 1919 आणि 1922. आज त्याचं नाव निघतं ते बहुधा ऑर्सन वेल्सने त्याच्या कादंबरीवर सिनेमा काढला म्हणून.

हे असं का होतं? पुलित्झरमध्ये ज्यूरी पुस्तकं सुचवते, पण शेवटचा शब्द मंडळाचा. 1941 मध्ये हेमिंग्वेचं नाव पुलित्झर देणाऱ्या कोलंबिया विद्यापीठाच्या अध्यक्षांनी अडवलं, आणि त्या वर्षी पुरस्कारच दिला गेला नाही. 1974 मध्ये ज्यूरीने एकमताने थॉमस पिंचनचं पुस्तक सुचवलं. मंडळाने ते फेटाळलं, पुन्हा पाटी कोरी. म्हणजे दारात दोन पहारेकरी, आणि दोघांचं एकमेकांशी पटतंच असं नाही. माझं मत विचाराल तर, असे पुरस्कार पुस्तकाला कमी आणि दबदब्याला जास्त मिळतात. दबदबा तयार व्हायला वीस-पंचवीस वर्षं लागतात. तोवर लेखकाचं सर्वांत चांगलं पुस्तक लिहून झालेलं असतं.

[दृश्य: कॉर्नेल विद्यापीठ, पन्नासच्या दशकातली छायाचित्रं]

‘अ फेबल’ला दोन्ही पुरस्कार मिळाले, त्याच 1955 साली कॉर्नेल विद्यापीठात चोवीस वर्षांच्या एका मुलीने एमएचा प्रबंध सादर केला. विषय होता व्हर्जिनिया वुल्फ आणि फॉक्नर यांच्या लेखनातली तुटलेली, एकटी पडलेली माणसं. ही मुलगी ओहायो राज्यातल्या लोरेन या गावच्या कामगार कुटुंबातली, क्लोई वॉफर्ड. जग तिला टोनी मॉरिसन म्हणून ओळखतं.

पुढे मॉरिसन न्यूयॉर्कमध्ये रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेत संपादक झाली. दोन मुलांना एकटीने वाढवत, पहाटे उठून लिहायची. संपादनाच्या कामात काळ्या अमेरिकनांच्या इतिहासावरचं एक पुस्तक तयार करताना तिच्या हाती एक जुनं कात्रण लागलं. 1856 चा जानेवारी. मार्गारेट गार्नर नावाची गुलाम स्त्री केंटकीतून ओहायो नदी ओलांडून पळाली. पकडायला माणसं दारात आली, तेव्हा लेकरं परत गुलामीत जाऊ नयेत म्हणून तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. ‘बिलव्हेड’ या कादंबरीचं बीज ते हेच.

‘बिलव्हेड’ 1987 मध्ये आली. नॅशनल बुक अवॉर्ड दुसऱ्याच पुस्तकाला गेलं. त्याच डिसेंबरात ज्येष्ठ काळे लेखक जेम्स बाल्डविन वारले; त्यांना हयातभर ना हे मिळालं होतं, ना पुलित्झर. जानेवारीत 48 काळ्या लेखक-समीक्षकांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या पुस्तक पुरवणीत सह्यांचं निवेदन छापलं: मॉरिसनलाही अजून हे दोन्ही पुरस्कार नाहीत. माया अँजेलू आणि अ‍ॅलिस वॉकर यांच्याही सह्या त्यात होत्या. साहित्यवर्तुळात कुजबुज सुरू झाली: पुरस्कार असे मागून घेतात का? काही आठवड्यांनी ‘बिलव्हेड’ला पुलित्झर जाहीर झालं, आणि मग ते दबावाखाली दिलं, असंही बोललं गेलं. या वादात मी सह्या करणाऱ्यांच्या बाजूचा आहे. मागितल्याशिवाय बाल्डविनना काय मिळालं होतं? 1993 मध्ये मॉरिसनला नोबेल मिळालं. ते मिळवणारी ती पहिली काळी स्त्री.

[दृश्य: मिसिसिपीचा आखाती किनारा]

परत मिसिसिपीत येऊ, पण यावेळी दक्षिण टोकाला. मेक्सिकोच्या आखाताजवळचं डीलील. जेस्मिन वॉर्ड इथे वाढली. 2005 च्या कट्रीना वादळात ती कुटुंबासह इथेच होती. त्या वादळावरची तिची कादंबरी ‘सॅल्व्हेज द बोन्स’ 2011 मध्ये नॅशनल बुक अवॉर्ड घेऊन गेली. गोष्ट सांगणारी पंधरा वर्षांची, गरोदर एश. ती मध्येच सांगते, शाळेत आम्ही ‘अ‍ॅज आय ले डाइंग’ वाचलं आणि मला त्यात ए मिळाला. फॉक्नरला त्याच्या उमेदीत ज्या पुस्तकासाठी कुणी मोठं बक्षीस दिलं नाही, ते ऐंशी वर्षांनी त्याच्याच राज्यातली एक काळी पोर वर्गात वाचते आहे. 2017 मध्ये वॉर्डला हाच पुरस्कार पुन्हा मिळाला. कादंबरीसाठी तो दोनदा मिळवणारी ती पहिली स्त्री.

पहारेकऱ्यांचं मात्र अजून तसंच आहे. मार्क ट्वेनच्या हकलबरी फिनची गोष्ट गुलाम जिमच्या तोंडून सांगणाऱ्या पर्सिव्हल एव्हरेटच्या ‘जेम्स’ला 2024 चं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं, आणि 2025 चं पुलित्झरही. पुलित्झरच्या वेळी ज्यूरीच्या पहिल्या तीन पुस्तकांवर मंडळात बहुमत होईना. ‘जेम्स’ हे चौथं नाव. पुस्तक उत्तम आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण मागे राहिलेल्या तिघांत एक नाव होतं गेल जोन्सचं. 1975 मध्ये तिची पहिली कादंबरी रँडम हाउसमध्ये संपादित केली होती टोनी मॉरिसनने. जोन्स नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत 1998 आणि 2022 मध्ये होती, पुलित्झरच्या यादीत 2022 आणि 2025 मध्ये. चारही वेळा पुरस्कार दुसऱ्याला.