गाडी पळवायची नंतर, आधी थांबवायला शिका

नमस्कार मंडळी! बाईक शिकायची म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न गिअरचा, खाली की वर, न्यूट्रल सापडत नाही, वगैरे. अहो ते चार दिवसांत पायाला आपोआप कळतं. आज आपण बोलणारोत थांबण्याबद्दल, कारण ॲक्सिलेटर पिळायला कुणालाच शिकवावं लागत नाही.

पण आधी क्लच. मोकळं सपाट मैदान बघा, पहिला गिअर टाका, ॲक्सिलेटरला हात लावू नका आणि क्लच इतका हळू सोडा की स्वतःलाच कंटाळा येईल. एका जागी इंजिनचा आवाज जरासा दबतो आणि गाडी पुढे सरकायला बघते, बोटं तिथेच थांबवा. परत दाबा, परत सोडा. बंद पडली तर पडू दे. ही जागा बोटांना पाठ झाली ना, की गर्दीत हाफ क्लच, म्हणजे क्लच त्याच जागी अर्धा धरून, आणि मागचा ब्रेक हलका दाबून गाडी निवांत निघते, पाय घासत न्यावी लागत नाही.

आता ब्रेक. "पुढचा दाबू नको, उलटा होशील" हे प्रत्येकाला कुणीतरी सांगितलेलं असतंच, आणि मग माणूस जन्मभर मागच्याच ब्रेकवर गाडी चालवतो. ब्रेक लागला की सगळं वजन पुढे येतं, पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं, त्याची पकड वाढते, मागचं हलकं होऊन लगेच घसरतं. सुक्या रस्त्यावर जोरात थांबताना साधारण 70 टक्के काम पुढचाच ब्रेक करतो. फक्त तो झटक्यात ओढायचा नाही, ओला स्पंज पिळतो तसा दाब वाढवत न्यायचा. मैदानात 20 च्या स्पीडला करून बघा, मग 30 ला, आणि दोन्ही ब्रेक एकत्र.

एक मात्र लक्षात ठेवा, हँडल वळलेलं असताना, त्यातही स्लो असताना, पुढचा ब्रेक एकदम नको. मी शिकताना यू-टर्न घेत होतो, स्पीड म्हणाल तर चालणाऱ्या माणसाएवढा, घाबरून ब्रेक आवळला आणि गाडी उजव्या अंगावर. पोटरी सायलेन्सरखाली, वर चार लोक हसायला. तिथे मागचाच ब्रेक.

60 च्या स्पीडला गाडी एका सेकंदात 16-17 मीटर जाते, म्हणजे "अरे!" म्हणेपर्यंत एवढं अंतर संपलं, ब्रेक अजून लागलेलाच नाही. आणि स्पीड दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं, दुप्पट नाही. म्हणून पुढच्या गाडीला चिकटायचं नाही, बस.

नजर! खड्ड्याकडे बघत राहिलात तर खड्ड्यातच जाणार, गॅरंटी. बाजूच्या मोकळ्या जागेकडे बघा, गाडी तिकडेच जाते. खडी, वाळू, रस्त्यावरचे ओले पांढरे पट्टे दिसले की त्याच्या आधी स्लो व्हा, त्यावर पोचल्यावर नाही.

हेल्मेट घालता हे मी गृहीत धरतोय, पण पट्टा लावता का? सैल असेल तर पडताना डोक्याआधी तेच निघून जातं.

आणि हो, स्टँड लावून उतरताना डावीकडूनच उतरा. सायलेन्सर बहुतेक गाड्यांना उजवीकडे असतो, माझ्या पोटरीला विचारा.