रामल्लाहचं हेलिकॉप्टर

श्रोतेहो, नमस्कार.

जवळजवळ चाळीस वर्षं इस्रायलचा भारतातला अधिकृत कारभार दिल्लीतून नव्हे, मुंबईतून चालायचा. आपण इस्रायलला मान्यता दिली १७ सप्टेंबर १९५० रोजी. १९५३ साली मुंबईत त्यांचं कॉन्सुलेट उघडलं आणि पूर्ण राजनैतिक संबंधांना मात्र जानेवारी १९९२ उजाडावं लागलं. मधल्या काळात ताकाला जाऊन भांडं लपवणं चालू होतं. ऑगस्ट १९७७ मध्ये इस्रायलचे परराष्ट्रमंत्री मोशे दायान गुपचूप दिल्लीत येऊन पंतप्रधान मोरारजी देसाईंना भेटून गेले. डोळ्यावरच्या काळ्या पट्टीमुळे जगात कुठेही ओळखू येणारा माणूस, आणि त्याची भेट गुप्त!

त्या काळचं आपलं धोरण पॅलेस्टिनींच्या बाजूनं होतं, हे मोकळेपणानं म्हणावं. त्यामागे विचार नव्हता असं नाही. १९४७ साली संयुक्त राष्ट्रांच्या समितीत भारतानं इराण आणि युगोस्लाव्हिया यांच्यासोबत पॅलेस्टाईनच्या फाळणीऐवजी संघराज्याची योजना मांडली होती. पण इस्रायल प्रत्यक्षात उभं राहिल्यावर, आपणच त्याला मान्यता दिल्यावर, इतकी वर्षं अंतर राखणं मला तरी पटत नाही. अलिबाग-रेवदंड्याकडच्या श्रोत्यांना शनिवार तेली म्हणून ओळखले जाणारे बेने इस्रायली ज्यू शेजारी आठवत असतील. त्यांच्यातले कितीतरी जण तिकडे दिमोना, अश्दोदला जाऊन राहिले, मराठी बोलत राहिले. नरसिंह रावांनी १९९२ मध्ये ती चूक दुरुस्त केली.

मग आलं नवं सूत्र: दोघांशी संबंध ठेवायचे, पण वेगवेगळे. जुलै २०१७ मध्ये पंतप्रधान मोदी इस्रायलला गेले आणि रामल्लाहला, म्हणजे पॅलेस्टिनी प्रशासनाच्या मुख्य ठाण्याला, न जाता परतले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते इस्रायलला न जाता पॅलेस्टाईनला गेले. कागदावर दोन वह्या, दोन खाती. पण अम्मानहून रामल्लाहला ते पोचले ते जॉर्डनच्या हेलिकॉप्टरनं, आणि सोबतीला होती इस्रायली हेलिकॉप्टरं. रामल्लाहच्या आकाशावरही ताबा इस्रायलचाच आहे. तिथल्या माणसांचा प्रश्न आपण कुठल्या वहीत लिहिणार?

मराठीत तटस्थ म्हणजे तटावर, काठावर उभा असलेला. निःपक्षपाती असणं वेगळं. त्याला दोघांनाही एकच माप लावावं लागतं. २७ ऑक्टोबर २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गाझातल्या युद्धविरामाच्या ठरावावर भारतानं मत दिलं नाही. त्याच दिवशी हमास या पॅलेस्टिनी संघटनेच्या हल्ल्याचा आणि ओलिसांचा स्पष्ट उल्लेख करणारी कॅनडाची दुरुस्ती आली, तिला पाठिंबा दिला. ७ ऑक्टोबरला सुमारे बाराशे माणसं मारली गेली होती. मारणाऱ्याचं नाव घ्यायलाच हवं. तिथवर मी सरकारसोबत आहे. पण मग तेच माप दुसरीकडेही लागायला हवं. १२ जून २०२५ च्या ठरावात ओलिसांच्या सुटकेची मागणी होती, युद्धबंदीची होती आणि उपासमारीचं हत्यार करण्याचा निषेधही होता. १४९ देश बाजूनं होते. आपण पुन्हा काठावर. डिसेंबर २०२३ मध्ये तर युद्धबंदीच्या बाजूनं आपण मत दिलं होतं! लहानपणी खेळायचो ते तळ्यात-मळ्यात आठवतं.

म्हणतात, संरक्षण सामग्रीचा प्रश्न आहे, इस्रायलला दुखवून चालणार नाही. अडचण खरी आहे. कारगिलच्या वेळी त्यांनी मदत केली होती. पण सप्टेंबर २०२५ चा एक आठवडा पाहा. सोमवारी, ८ तारखेला, दिल्लीत भारत-इस्रायल गुंतवणूक करारावर सह्या झाल्या. शुक्रवारी, १२ तारखेला, न्यूयॉर्कमध्ये आमसभेत इस्रायल आणि पॅलेस्टाईन अशा दोन राष्ट्रांच्या तोडग्याचा जाहीरनामा मताला आला. त्यात हमासच्या हल्ल्याचा निषेध होता आणि गाझातल्या नागरिकांवरच्या इस्रायली हल्ल्यांचाही. भारतानं बाजूनं मत दिलं. सोमवारचा करार शनिवारीही जागेवरच होता.

नमस्कार.