वीस किलो हिरवा पाला

नमस्कार श्रोतेहो.

कपाशीला बोंडं धरली की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत जिल्हा पानावर एक बातमी ठरलेली असते. कपाशीत नाहीतर तुरीत गांजाची झाडं, स्थानिक गुन्हे शाखेचा छापा, इतक्या लाखांचा मुद्देमाल जप्त. फोटोत हिरव्या झाडांची रास, मागं उभे पोलीस आणि मधोमध मान खाली घातलेला माणूस. आठ दिवसांत आपण ते विसरून जातो. मी फौजदारी वकिली करतो, त्यामुळं माझं काम तिथून पुढं सुरू होतं. गांजा कायदेशीर करावा की नाही, हा वाद टीव्हीवर चालतो तो कॅनडा, जर्मनी, थायलंडच्या नावानं. त्या वादाची आपल्या रानातली बाजू मात्र कुणी फारशी बोलत नाही.

गांजावरची आजची बंदी 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं आली. पोलीस, वकील, आरोपी सगळे त्याला एनडीपीएस म्हणतात. त्याआधी गांजा परवान्याच्या दुकानात मिळायचा. इंग्रजांच्या काळात शेजारच्या नगर जिल्ह्यात तर सरकारी परवान्यानं त्याची लागवड होती. 1893-94 मध्ये इंग्रज सरकारनंच एक आयोग नेमला होता. त्यानं अकराशेहून जास्त साक्षी घेतल्या, सात खंडांचा अहवाल दिला, आणि सरसकट बंदी नको, कर आणि परवाने ठेवा, असं सांगितलं. पुढं 1961 चा आंतरराष्ट्रीय करार झाला. औषधाखेरीजचा गांजाचा वापर थांबवायला त्यात 25 वर्षांची मुदत होती. ती संपत आली तसा आपण कायदा केला. त्यातही नुसती पानं व्याख्येतून वगळली. म्हणून महाशिवरात्रीची भांग या कायद्यातून सुटली, तिचा कारभार राज्यांकडं राहिला.

सुरुवातीला या कायद्यात स्वतःच्या सेवनापुरता अल्प माल सोडला, तर कमी माल आणि जास्त माल असा भेद नव्हता. 2001 च्या दुरुस्तीनं पायऱ्या आल्या. गांजा एक किलोच्या आत असेल तर अल्प प्रमाण, शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. वीस किलोच्या वर गेला की व्यापारी प्रमाण, शिक्षा कमीत कमी दहा वर्षं, वर वीसपर्यंत, शिवाय निदान लाखाचा दंड. मधल्या मापाला दहा वर्षांपर्यंत.

खरी गोम वजनात आहे. नुसत्या लागवडीचा गुन्हा असेल तर शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे, पण खालची मर्यादा नाही. न्यायाधीश परिस्थिती बघून कमी देऊ शकतात. तीच झाडं उपटून तोलली, काटा वीस किलोच्या पुढं गेला आणि व्यापारी प्रमाणाचं कलम लागलं, की दहा वर्षांच्या आत शिक्षा देता येत नाही. वर कलम 37 आडवं येतं. म्हणजे हा माणूस दोषी नसावा असं मानायला वाजवी कारण आहे, अशी खात्री न्यायालयाला जामिनाच्याच वेळी पटवावी लागते. खटला उभा राहायच्या आधी!

आता तोलणं कसं होतं ते बघा. झाडं मुळासकट उपटलेली असतात, मुळाला काळ्या रानातली ओली माती. कापूस तोलायचा काटा कुणाच्या तरी आखाड्यावरून येतो. बुडखा, फांद्या, पाला, शेंड्याचा फुलोरा, सगळं एका पोत्यात कोंबतात आणि पंचनाम्यात आकडा पडतो. कायद्यात गांजा म्हणजे फक्त फुलोरा किंवा फळ धरलेले शेंडे. बी आणि पाला शेंड्यासोबत असेल तरच धरायचा. बुडख्याचं, मुळाचं नाव व्याख्येत नाही. उलटतपासणीत पंचाला विचारलं, की शेंडे वेगळे केले होते का, तर तो सरळ सांगतो, "नाही साहेब, सगळं एकदमच मोजलं." पुढं दंडाधिकाऱ्यांसमोर पोतं उघडतात तेव्हा माल वाळून हलका झालेला असतो. मुंबई उच्च न्यायालयानं याच मुद्द्यावर जामीन दिल्याची उदाहरणं आहेत. पण उच्च न्यायालयापर्यंत जायचं म्हणजे वकिलाची फी, संभाजीनगरच्या खंडपीठाच्या खेपा, आणि तोवर घरातला कर्ता गडी कोठडीत.

त्यातही पकडला जातो कोण? सातबारा एकाचा, रान बटईनं दुसऱ्याकडं, आणि बी आणून देणारा तिसराच. तो तिसरा पंचनाम्यात कधीच नसतो. आंध्र-ओडिशाच्या डोंगरातून तेलंगणामार्गे नांदेडकडं मोटारी भरून येणारा माल आणि तुरीच्या ओळीत लपवलेली पाच-पंचवीस झाडं, दोन्हींना एकच फूटपट्टी. लावणारा निर्दोष असतो असं मी म्हणत नाही. बहुतेकांना माहीत असतं आपण काय लावतोय. पण दहा वर्षं? सदोष मनुष्यवधाला याहून कमी शिक्षा झालेली मी पाहिली आहे.

मग गांजा खुला करायचा का? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. दुकानं उघडायला माझा विरोध आहे. एम्सनं 2019 मध्ये दिलेल्या देशभरच्या पाहणीत भांग, गांजा, चरस वर्षभरात घेणारे सुमारे 3 कोटी 10 लाख निघाले. त्यातल्या 72 लाखांना व्यसनाचा किंवा तब्येतीचा त्रास होता. कोवळ्या वयातल्या मेंदूवर गांजा काय करतो, हे मनोविकारतज्ज्ञांकडं जाऊन बघावं. (त्याच पाहणीत दारू पिणारे 16 कोटी होते आणि दारूवर सरकार महसूल घेतं. या प्रश्नावर माझ्याकडं उत्तर नाही, सरकारकडंही नसावं.) थायलंडनं 2022 मध्ये मोकळीक दिली आणि 2025 मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट आणली. जर्मनीनं 2024 मध्ये घरी तीन झाडांची मुभा दिली, दुकानं नाही उघडली. ज्याला त्याला आपापलं बघावं लागतं.

आपलं बघायचं तर वापरणाऱ्याला तुरुंगात घालणं थांबवावं, आणि शेतातल्या झाडांचं वजन करायची पद्धत नियमात लिहून ठेवावी: शेंडे वेगळे, सुकवून, दंडाधिकाऱ्यांसमोर. पोलिसांचा हात मोकळा झाला तर तो एमडीकडं, म्हणजे मेफेड्रोन या रासायनिक नशेकडं, वळवता येईल. 2025 मध्ये तुळजापुरात एमडीचं जे प्रकरण निघालं ते आपण सगळ्यांनी वाचलं. गल्लोगल्ली मिळणाऱ्या बटन गोळ्या, म्हणजे झोपेच्या गोळ्यांचा तो धंदा, संभाजीनगरकरांना नव्यानं सांगायला नको.

शेतकऱ्यांसाठी एक गोष्ट. 2021 मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं, कुठल्याच पिकाला भाव नाही, मग गांजा लावायची परवानगी द्या, असा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना दिला होता. तो वैताग होता, खोटा नव्हता. पण त्यावरून गावात कुणी "आता परवानगी मिळणार, लावून ठेव" म्हणत असेल तर ऐकू नका. उत्तराखंडानं 2018 पासून दिलेले परवाने धाग्या-बियाच्या भांगेचे आहेत, ज्यात नशेचा अंश 0.3 टक्क्यांच्या आत असावा लागतो. बांधावरचं गांजाचं झाड आजही गुन्हाच आहे.

आणि घरात कुणी नशेच्या नादी लागलं असेल तर कलम 64-अ लक्षात ठेवा. स्वतःच्या सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात आपणहून उपचार घ्यायला तयार झाला आणि उपचार पुरा केला, तर त्या आरोपाचा खटला त्याच्यावर चालत नाही. अर्धवट सोडून पळाला तर ही सवलत काढून घेता येते. कायद्यात हे कलम आहे, पण माझ्याकडं येणाऱ्या आई-बापांनी त्याचं नाव ऐकलेलं नसतं. पोरगं पकडलं गेलं की ते आधी ओळखीचा पुढारी शोधतात. त्याऐवजी वकिलाला पहिल्याच दिवशी या कलमाबद्दल विचारा. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइनही आहे, फोनला पैसे पडत नाहीत. जवळ पेन असेल तर लिहून घ्या: एक, चार, चार, चार, सहा.